वजनाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या वर्षापासून पुढे काय सांभाळायचं

पहिल्या वर्षाबद्दल मी फार लिहिणार नाही. त्या वर्षात सगळे तुमच्या मागे असतात. सर्जनकडून फोन येतो, डाएटिशियन तक्ता देते, घरचे ताटात डोकावतात आणि काटा दर आठवड्याला खाली येत असल्यामुळे आपल्यालाही हुरूप असतो. खरी गोम पुढे आहे. साधारण दीड-दोन वर्षांनी वजन तळाला येऊन थांबतं, शुगर-बीपीच्या गोळ्या सुटलेल्या किंवा कमी झालेल्या असतात, अंगात हलकं वाटतं, आणि नेमक्या तेव्हाच तपासण्या चुकायला लागतात. पाकीट संपलं तरी लोह-कॅल्शियम-जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणायच्या राहतात. 'बरं वाटतंय म्हणून बंद केल्या' असं सांगणारी माणसंच माझ्याकडे जास्त येतात.

मी डॉक्टर नाही. सांगलीत विश्रामबागेत खानावळ चालवते. पोटाचा बायपास झालेली बाई दिवसभर अन्नात उभी राहून वजन कसं राखते, हे विचारायला लोक येतात, म्हणून हे लिहितेय. खाली आहे ते डॉक्टरांनी सांगितलेलं आणि स्वयंपाकघरात मला बसवता आलेलं. डोस तुमच्या रिपोर्टवर ठरतो, तो तुमच्या सर्जनकडूनच घ्या.

आधी ऑपरेशनचं नाव पाठ करा

'पोट लहान केलंय' एवढ्यावर भागत नाही. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा तीन-चतुर्थांश किंवा थोडा जास्तच भाग काढून टाकतात, अरुंद नळी उरते, आतडं तसंच राहतं. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची पिशवी करतात आणि तिला खालचं आतडं आणून जोडतात. उरलेलं जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून अन्न पुढे जातं. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः शोषलं जातं ते याच वगळलेल्या भागात. बी-१२ शोषायला जठरातलं आम्ल आणि जठरातच तयार होणारं एक प्रथिन लागतं, ते दोन्ही ऑपरेशनांत कमी पडतं. म्हणून या गोळ्या ताकद भरून येईपर्यंतच्या नसतात, जन्माच्या असतात. 'किती दिवस घ्यायच्या?' याला दुसरं उत्तर नाही.

गोळ्यांचं वेळापत्रक

गोळ्या घेणं सोपं आहे, त्या एकमेकींपासून लांब ठेवणं अवघड. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही. दोघांत किमान दोन तास हवेत. चहाही लोह अडवतो. कॅल्शियम एका वेळी ५००-६०० मिलिग्रॅमच्या वर घेऊन उपयोग नाही आणि दिवसाचं लागतं १२०० ते १५०० मिलिग्रॅम, जेवणातलं धरून. म्हणजे विभागून घ्यायलाच हवं. मी असं बसवलंय: नाश्त्यानंतर मल्टिव्हिटॅमिन, दुपारची गर्दी सुरू व्हायच्या आत पहिलं कॅल्शियम, संध्याकाळी पाचच्या सुमारास दुसरं, आणि रात्री गल्ला मोजून झाला की लोह, बिनसाखरेच्या लिंबूपाण्याबरोबर. माझा चहा पहाटे आणि दुपारी तीनला, लोहाच्या वाऱ्यालाही नाही. ज्यांची पाळी सुरू आहे त्यांना लोह जास्त लागतं, दिवसाला ४५ ते ६० मिलिग्रॅम. तेवढं साध्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये नसतं.

औषधाच्या दुकानात नुसतं 'कॅल्शियम द्या' म्हटलं की बहुतेक वेळा कार्बोनेट हातात येतं. ते शोषायला आम्ल लागतं आणि आपल्याकडे आम्लाचीच वानवा. पाकिटामागे 'सायट्रेट' हा शब्द वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. 'काकू, एकच आहे ओ ते' असं दुकानदार म्हणतो. एकच नाही.

बी-१२ मी महिन्याला इंजेक्शन घेते, १००० मायक्रोग्रॅमचं. रोजची गोळीही चालते, पण मला महिन्याची एक तारीख लक्षात ठेवणं सोपं जातं. ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी शेजारणीने सांगितली म्हणून महिनोन्‌महिने घेत राहू नका, ते अंगात साठतं. मल्टिव्हिटॅमिनमध्ये बी-वन किमान १२ मिलिग्रॅम आहे का आणि जस्ताबरोबर तांबंही आहे का ते बघा. केस गळतात म्हणून बायका नुसतं झिंक चालू करतात, आणि जास्त जस्ताने तांबं खाली जातं. ऑपरेशननंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळणं नेहमीचंच आहे, बहुतेकींचे परत येतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गळायला लागले तर मात्र लोह आणि प्रथिन तपासा.

सांगलीकरांसाठी एक वेगळी गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेच्या महापुरात काय झालं ते सांगायला नको. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे इथल्या पोरांनाही पाठ आहे. पावसाळा लागला की महिनाभराच्या गोळ्या झिपच्या पिशवीत भरून कागदपत्रांच्या शेजारी ठेवा. घर सोडायची वेळ आली तर सातबारा आणि सोनं आठवतं, कॅल्शियम आठवत नाही. प्रथिनाच्या पावडरीचा एक डबाही त्यातच. निवाऱ्याच्या शाळेत खिचडी मिळते, अंडी मिळतीलच असं नाही.

ताटात काय आधी

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिन हे गणित सगळ्यांना सांगितलेलं असतं आणि बहुतेक जण ते 'डाळ खातो की' म्हणून मिटवतात. घट्ट वरणाच्या वाटीत सात-आठ ग्रॅम असतात. आमच्याकडच्या आमटीत पाणी आणि तिखटच जास्त, तिचा हिशेब धरूच नका. कुळथाचं माडगं आजारपणात झकास, पण त्यावरही भागत नाही.

माझा एक दिवस सांगते. सकाळी एक अंडं आणि आणखी एका अंड्याचा पांढरा भाग, हे झाले १० ग्रॅम. मधल्या वेळी कपभर दूध, ६. दुपारी ५० ग्रॅम पनीर आणि अर्धी वाटी घट्ट वरण, १३. चार वाजता मूठभर फुटाणे, ६. रात्री ६० ग्रॅम शिजलेलं चिकन, १५. वाराला सोया वड्या, कोरड्या २५ ग्रॅम मोजून घेतल्या की १३ मिळतात. बेरीज पन्नाशीपाशी अडते. उरलेलं दुधात पावडरीचा एक चमचा घालून भरून काढते. पावडर म्हटलं की लोकांना व्यायामशाळेतली पोरं आठवतात, पण माझ्यासारख्या छोट्या पोटाला दुसरा मार्ग मला तरी दिसलेला नाही.

क्रम असा: आधी प्रथिन, मग भाजी, जागा उरली तर भाकरीचा पाव तुकडा. भाताने सुरुवात केली की उसळीला जागा राहत नाही. सावकाश, वीस-पंचवीस मिनिटं, आणि जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्ध्या तासाने प्या, दिवसभरात दीड ते दोन लिटर, घोट घोट. पोट भरल्याची खूण प्रत्येकाची वेगळी असते. माझं नाक वाहायला लागतं, कुणाला उचकी लागते, कुणाला एकच शिंक येते, कुणाच्या छातीच्या हाडामागे जड होतं. आपली खूण ओळखा आणि ती आली की हातातला घाससुद्धा खाली ठेवा. पंगतीत 'एवढा एक घ्याच' म्हणणाऱ्या मामींना माझं ऑपरेशन झालंय हे ठाऊक असतं, तरी त्या वाढतात. ताटावर हात आडवा धरायचा आणि मठ्ठ्याचा पेला हातात ठेवायचा. हातात काहीतरी असलं की आग्रह कमी होतो.

आता भडंग. सांगलीत राहून हे लिहिणं म्हणजे घरच्यांशी वैर, पण वजन परत चढवण्यात जिलेबीपेक्षा भडंगाचा हात मोठा आहे. अंडं, चिकन, मटकीची उसळ पिशवीत बसून राहते आणि चार घासांत 'बास' म्हणायला लावते. भडंग तोंडात मऊ होतं आणि खाली सरकतं. तेलात परतलेले शेंगदाणे आणि लसूण त्याच्यासोबत जातात, खूण येतच नाही, पुडा संपतो. चहात बुडवलेली खारी, टोस्ट, बिस्किटं, शेव ही सगळी त्याच जातीची. पोट लहान झालं म्हणून ती अडत नाहीत. खायचंच असेल तर जेवणाच्या वेळी, वाटीत काढून, मोडाच्या मटकीवर भुरभुरून. पुडा हातात घेऊन टीव्हीसमोर नाही.

स्वयंपाक करणाऱ्यांसाठी याहून मोठी अडचण म्हणजे चव बघणं. एकदा मी गॅसशेजारी रिकामी वाटी ठेवली आणि चवीला जेवढं तोंडात टाकलं तेवढंच दुसऱ्या चमच्याने वाटीत टाकत गेले. रस्सा, परतलेला मसाला, भाताची शितं, कोशिंबीर, भज्याचा मोडका तुकडा. दुपारची शेवटची पोरं उठली तेव्हा वाटी काठोकाठ भरली होती आणि वर बोटभर तेलाचा तवंग. ते माझ्या एका जेवणापेक्षा जास्त होतं, आणि त्यात प्रथिन जवळजवळ नव्हतंच. तेव्हापासून मीठ-तिखट बघायचं काम आमच्या मावशींचं. घरी एकट्या स्वयंपाक करत असाल तर ही वाटी एक दिवस ठेवून बघा, मला काही सांगावं लागणार नाही.

गोड, उपास आणि ऊस

बायपास झालेल्यांनी उसाचा रस, काकवी आणि गुऱ्हाळावरचा गरम गूळ यांच्याशी जपून. गोड एकदम आतड्यात उतरतं. पंधरा-वीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब. हे लगेच तरी कळतं. त्याचा दुसरा प्रकार फसवा आहे. गोड खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी शुगर खाली घसरते, हात थरथरतात, डोकं काम करत नाही. लोक त्याला अशक्तपणा म्हणतात आणि अजून गोड खातात. तेव्हा ग्लुकोमीटरवर बघा. आकडा ७० च्या खाली असेल तर थोडी साखर घ्या, मागोमाग दूध किंवा फुटाण्यासारखं काहीतरी खा, आणि बरं वाटेपर्यंत गाडीला किक मारू नका. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे. स्लीव्हवाल्यांना हा त्रास कमी होतो, त्यामुळे त्यांना गोडाची धास्ती राहत नाही. त्यांनी स्वतःच लगाम धरायचा.

उपास करू नका असं मी म्हणणार नाही, माझेही चतुर्थीचे चालू आहेत. पण साबुदाण्याची खिचडी म्हणजे नुसता स्टार्च. दूध, दही, पनीर, भिजवलेले शेंगदाणे यांवर दिवस काढा. निर्जळी मात्र कायमची सोडा.

शुगर गेली, असं धरू नका

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात ऑपरेशननंतर दोन वर्षांनी मधुमेहींपैकी ७२ टक्के लोकांचा मधुमेह गेलेला होता, दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. तेव्हाची ऑपरेशनं आजच्याहून वेगळी होती हे खरं, आणि त्याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांमधले मृत्यू कमी राहिले हेही खरं. पण शुगर परत येऊ शकते, आणि ती गाजावाजा न करता येते. गोळ्या सुटल्या तरी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लघवीतलं प्रथिन आणि डोळ्याचा पडदा यांची तपासणी सुटत नाही. अंगात लोह कमी असेल तर एचबीए१सीचा आकडा उगाच जास्त दाखवू शकतो. म्हणून तो रिपोर्ट हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगात साठलेलं लोह) यांच्या शेजारी ठेवून वाचायला सांगा. बीपीच्या गोळ्यांचंही तेच, आणि बायपास असेल तर हळूहळू विरघळणाऱ्या लाँग-अ‍ॅक्टिंग गोळ्या नीट लागू पडतात का ते विचारा.

वर्षातून एकदा, आयुष्यभर: सीबीसी, फेरिटिन, बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, प्रथिन-अल्ब्युमिन, लिव्हर, किडनी, कोलेस्टेरॉल. हाडांची घनता साधारण दोन वर्षांनी एकदा बघतात. स्लीव्हवाल्यांना जळजळ होत असेल किंवा नसली तरी, एंडोस्कोपी कधी करायची ते सर्जनला विचारून ठेवा. तारीख विसरू नये म्हणून ती कशाला तरी बांधून टाका. माझ्या भावाची तासगावकडे द्राक्षबाग आहे. त्याची ऑक्टोबर छाटणी आणि माझं रक्त एकाच आठवड्यात. छाटणी तो चुकवत नाही, आणि बागेतून मला फोन करायलाही चुकत नाही.

अंगाची हालचाल

चालणं सगळे करतात. पहाटे आमराईत आणि कृष्णेच्या घाटावर गर्दी असते. आठवड्याला १५० मिनिटं हे कमीत कमी, वजन टिकवायचं तर त्याहून जास्त. पण वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात आणि ते चालण्याने परत येत नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा ओझं उचला: पाण्याच्या बाटल्या, रबरी पट्टे, खुर्चीवरून हात न टेकता उठबस. दिवसभर उभी असते म्हणून व्यायाम होतो, हा माझ्या धंद्यातल्या बायकांचा समज आहे. उभं राहून पाय दुखतात, व्यायाम होत नाही.

काय अजिबात नको

गुडघा, पाठ, डोकं दुखलं की आपल्याकडे डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक सहज दिलं जातं. बायपासनंतर जोडाच्या जागी अल्सर होण्याचं ते मोठं कारण आहे. 'इंजेक्शन घेतो, पोटात जातच नाही' हे चालत नाही, औषध रक्तातूनही तेच करतं. ठरलेल्या डोसात पॅरासिटामोल घ्या. तंबाखूचंही तसंच. बिडी-सिगारेटने अल्सर होतात हे पुरुषांना सांगितलेलं असतं, पण बायकांना मिश्रीबद्दल कुणी विचारत नाही. दात घासते म्हणून ती तंबाखूत धरत नाहीत. मिश्री तंबाखूच आहे, सर्जनला खरं सांगा आणि सोडा.

दारूबद्दल थोडक्यात: बायपासनंतर ती पटकन आणि जास्त चढते, आणि दुसऱ्या वर्षापासून व्यसन लागण्याचा धोका वाढतो. ढाब्यावर पूर्वी जेवढी झेपायची तेवढी आता झेपणार नाही.

लग्न झालेल्या मुलींसाठी: ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने दिवस राहू देऊ नका. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस पटकन राहतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळी पुरेशी लागू पडेलच असं नाही, तांबीबद्दल विचारा.

वजन परत चढायला लागलं तर

तळापासून थोडे किलो परत येणं नेहमीचं आहे. मी दर सोमवारी सकाळी वजन करते, आणि तळाच्या आकड्यापेक्षा पाच किलो वर गेलं की लाज न बाळगता डाएटिशियनला फोन करायचा हे ठरवून ठेवलंय. पंधरा किलो चढल्यावर गेलं की सगळ्यांनाच जड जातं. आधी आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहा, चवीचंसुद्धा. झोप, थायरॉइड, नव्याने सुरू झालेली औषधं बघा. टिर्झेपेटाइडसारखी वजन कमी करणारी इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात विक्रीला आली आणि वजन परत चढलेल्यांना काही डॉक्टर ती देतात. पण त्यांनी भूक आणखी मरते, तेव्हा प्रथिनाचा हिशेब दुप्पट कडक ठेवावा लागतो. मैत्रिणीच्या फ्रीजमधलं पेन उसनं घेऊ नका.

सलाईन लावायच्या आधी

हे शेवटी लिहितेय, पण घरच्यांना आधी वाचून दाखवा. उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत, पोटात काही टिकत नाही, की आपण जवळच्या दवाखान्यात जातो आणि ग्लुकोजचं सलाईन लागतं. जेवण बंद असलेल्या आपल्यासारख्या माणसात बी-वन, म्हणजेच थायमिन, आधीच संपलेलं असतं. त्यावर नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. दोन-दोन दिसणं, चालताना झोक जाणं, बरळणं या तिच्या खुणा. म्हणून डॉक्टरांना आधी सांगायचं: वजनाचं ऑपरेशन झालंय, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या.

दुसरं म्हणजे बायपासनंतर कितीही वर्षांनी पोटात पीळ पडल्यासारखी जोरात कळ येऊन थांबत नसेल, तर ते गॅस समजून घरी बसू नका. आत आतडं अडकलेलं असू शकतं. साध्या सोनोग्राफीत ते दिसेलच असं नाही, सीटी स्कॅन आणि हे ऑपरेशन माहीत असलेला सर्जन लागतो. काळी शी किंवा रक्ताची उलटी झाली तरी त्याच दिवशी जायचं.

या सगळ्यासाठी एक कार्ड करा. ऑपरेशनचं नाव, तारीख, सर्जनचा नंबर, चालू गोळ्या, आणि खाली ठळक मराठीत: 'डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन नको. ग्लुकोजआधी थायमिन.' लॅमिनेट करायला फार खर्च येत नाही. माझं एक पर्समध्ये असतं, झेरॉक्स गल्ल्यात, आणि फोटो मुलाच्या, सुनेच्या आणि मावशींच्या मोबाईलमध्ये.